पाय उचल

नोंदवहीत आमचा बाप असा आहे:
उंची पाच फूट चार, डोळे करडे,
डाव्या भुवईवर टापेचा वण,
धंदा मोतद्दार, गुन्हा घोडीची चोरी.
नाव टिमथी हेअर.
टेग हेहीर कारकुनाच्या कानात मावलं नाही,
हाताला लागेल तो कोट फेकावा अंगावर
तसं त्यानं हे नाव दिलं.

क्लेअरमधली ती रात्र बापानं एकदाच सांगितली,
तीही नाल ठोकताना, ओठांत खिळे धरून,
म्हणून अर्धी आम्हाला कळली नाही.
ओनाआत्याला दोन दिवस कळा. सुईण नऊ मैलांवर.
मालकाची करडी घोडी,
शिंगरू होती तेव्हापासून यानंच खरारा केलेली.
खोगीर घातलं नाही, खोगीर करकरतं.
खुरांना पोती बांधली.
सुईणीला पुढ्यात बसवून आणलं.
मूल जगलं.
आत्याचं विचारलं की तो पुढचा खिळा मागायचा.
उजाडायच्या आत घोडी पागेत बांधावी म्हणून निघाला
आणि पुलावर सापडला.

न्यायाधीशानं सगळं विचारलं:
घोडीची किंमत, रात्रीचा प्रहर,
पोती कशाला बांधली होतीस.
दुभाष्याला खोकला झाला होता.
घोडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं
एवढं कुणी विचारलं नाही.
घोडं तिथंच पेंड खात होतं.

जहाजाबद्दल काहीच नाही.
इथं, व्हॅन डिमेन्स लँडला,
चार वर्षं त्याला घोड्याजवळ जाऊ दिलं नाही.
त्यालाच जुंपला.
दगडांची गाडी, सहा माणसं, छातीवर चामड्याचे पट्टे.
'चढावर मान आपोआप खाली जाते,' तो सांगायचा,
'मला वाटायचं जनावर हट्ट करतंय.'

पुढे सुटकेचा कागद, आई, आम्ही तिघं.
डर्वेंटच्या खोऱ्यातले लोक अडेल शिंगरं
त्याच्याकडे आणून सोडत.
चाबूक नाही. कानाशी काहीतरी पुटपुटायचा.
स्वतः मात्र कुठल्याच घोड्यावर बसला नाही;
बाजारात न्यायचा तर लगाम धरून, अकरा मैल, चालत.

आमच्याशी इंग्रजी, घोड्यांशी आयरिश.
आम्हाला शिकवली नाही.
म्हणे, त्या भाषेतली साक्ष कुणी ऐकत नाही.
मग आम्ही ती पागेच्या फटीतून चोरली,
चार शब्द हाती लागले:
थांब. सावकाश. पाय उचल. शाबास.

शेवटच्या आठवड्यात इंग्रजी त्याला सोडून गेली,
आधी आकडे, मग आमची नावं.
रात्रभर काहीतरी विचारत होता, एकच,
शेवटी सूर वर जायचा म्हणून कळायचं की प्रश्न आहे.
भाऊ म्हणाला, पाणी मागतोय.
पाणी नको होतं.
पाद्री वीस मैलांवर, आणि तो यॉर्कशरचा.

मी वाकले त्याच्या कानाशी
आणि घरात होतं तेवढं दिलं.
सावकाश.
सावकाश.
तो गप्प झाला. अंधारात जनावर कान टवकारतं, तसा.
बाहेर निलगिरीची सुटलेली साल
खोडावर घासत होती.
पाय उचल, मी म्हटलं.

चादरीखाली त्यानं उचलला,
डावा, बेडीनं घोटा सोललेला,
वीतभर,
आणि धरून ठेवला तसाच,
कुणीतरी खूर हातात घेईल म्हणून.

शाबास म्हणायला
मला जरा उशीर झाला.